पात्रता कोणी सांगायची?

शिमग्यानंतरचा पहिला सोमवार: वरच्या वर्गांच्या इंग्रजी शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखत. त्याच आठवड्यातला शनिवार: नकार. जबाबदार: आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष, चिटणीस आणि माना डोलावणारे इतर सदस्य.

ज्यांना नाकारले, ते इंग्रजीचे हंगामी मास्तर माझे शेजारी. बोटीवरची नोकरी शोधायला मुंबईस निघालेले तरुण संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसत. ‘आय कॅन स्विम’, ‘आय ॲम गुड ॲट कुकिंग’ अशी वाक्ये मास्तर त्यांच्याकडून घोकून घेत. एखादा लाजून पुटपुटला, की गरजत, “मोठ्यान बोल रे! सायबाक तुज्या पोटातला कळतला काय?” मात्र त्यांच्या शिकवण्याची कोणी स्तुती केली, तर ते घाईने उठून माडांना पाणी घालू लागत. आपले गुण आपणच सांगणे त्यांना, आमच्याकडील बहुतेक जुन्या माणसांप्रमाणे, असभ्य वाटे.

मुलाखतीस गावातील वडीलधारा म्हणून मी हजर होतो. अध्यक्षांनी इंग्रजीतून विचारले, “वरचे वर्ग शिकवण्यास आपण समर्थ आहात काय?”

मास्तरांनी टोपी सारखी केली. “तां पोरांक विचारा,” ते म्हणाले.

“स्वतःबद्दल एक इंग्रजी वाक्य बोलवत नाही, आणि म्हणे मास्तर!” अध्यक्ष हसले. शेरा पडला: असमर्थ. मी हरकत घेतली; ती नोंदवली गेली नाही.

त्या वेळी मास्तरांचे विद्यार्थी बाहेर ओसरीवर उभे होते. साक्षीदार दाराशी असताना एकाचीही साक्ष का घेतली नाही, याचे उत्तर अध्यक्षांनी येत्या गावसभेत सर्वांदेखत द्यावे.