स्टॉलवर कोण उभं राहणार

धम्मदिना रोकडे वडप्याच्या एका मोठ्या गोदामात मालाची नोंद ठेवते. वय छत्तीस. वाढली कामतघरच्या चाळीत. आई कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. मशीनच्या खडखडाटावर बोलायची सवय लागल्याने त्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. धम्मदिनाला पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटतं, ही भांडतेय. बहुतेक वेळा ती भांडत नसते. मी सांगतेय त्या वेळी मात्र भांडत होती.

तिच्या गोदामात खोकी शोधून काढणाऱ्या, स्टिकर लावणाऱ्या चाळीसेक बायका आहेत. हातात स्कॅनर, समोर संगणक, आणि पडद्यावर सगळं इंग्रजी. चुकीचं बटण दाबलं गेलं की चूक-रजिस्टरमध्ये सही करायची. तीन सह्या झाल्या की उद्यापासून येऊ नको. सगळ्यात चपळ हात अंजूरच्या गुणाबाईंचा. एकदा त्यांनी परत आलेल्या मालाच्या ‘रिटर्न’ऐवजी ‘कॅन्सल’ दाबलं आणि त्यांची दुसरी सही झाली. त्या दिवशी डबा खाताना त्या धम्मदिनाला म्हणाल्या, “मला वाचता येतं गो. मराठीत असता तं मी चुकली असती काय?”

हा प्रश्न धम्मदिनाच्या डोक्यात राहिला. शोधता शोधता तिला ‘मोजदाद’ सापडलं, गोदामासाठी लिहिलेलं एक मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त म्हणजे ते एकट्या कंपनीच्या मुठीत नाही. कोणीही वापरावं, आतला कोड उघडून बघावा, बदलावा, आणि सुधारणा सगळ्यांना वाटावी. ठिकठिकाणचे लोक आपापल्या वेळात ते लिहितात. त्यात बऱ्याच भाषा होत्या, मराठी नव्हती. धम्मदिनाने सात महिन्यांचे रविवार घालवून पडद्यावरच्या चौदाशे ओळी मराठीत आणल्या. कोणीतरी ‘रिटर्न’साठी ‘प्रत्यागमन’ सुचवलं, तर तिने कळवलं, “गोदामात येऊन हे मोठ्याने म्हणून दाखवा.” शब्द ‘परत आलेला’च राहिला. मग मॅनेजरच्या मागे लागून तिने गोदामाच्या माल उतरवायच्या एका दरवाज्यावरच्या संगणकात ते चालू करून घेतलं. त्या दरवाज्यावर तीन महिन्यांत एकही सही झाली नाही.

त्याच सुमारास मुंबईत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची दोन दिवसांची परिषद ठरली, आणि मोजदादला तिथे एक स्टॉल मिळाला. प्रकल्पाचे समन्वयक पुण्याचे नरेंद्र. त्यांनी ग्रुपवर विचारलं, स्टॉलचं कोण बघेल? स्वयंसेवक, प्रायोजक, बॅनर, संगणक, सगळंच उभं करायचं होतं. दोन दिवसांत कोणी पुढे आलं नाही. मग धम्मदिनाने लिहिलं, “मी घेते.”

“इव्हेंटचा काही अनुभव?” एकाने विचारलं.

“रोज चाळीस ट्रक उतरवून घेते. चालेल?”

प्रायोजक म्हणून ती पहिल्यांदा गेली हायवेवरच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत. तिथला मार्केटिंगचा मॅनेजर विपुल. त्याने चहा मागवला आणि पाच मिनिटांत होकार दिला.

“मॅडम, सगळं आमच्याकडून. टीव्ही, बॅनर, टी-शर्ट, जेवण. कंपनीचं नाव वर, तुमच्या प्रोजेक्टचं खाली.”

“आणि स्टॉलवर कोण उभं राहणार?”

“आमची टीम. इंग्लिश चांगलं आहे त्यांचं. तुमच्या गोदामातल्या बायका आल्या तर येऊ देत, पण मागे बसू देत. समोरचा चेहरा जरा… कळतंय ना मी काय म्हणतोय?”

“कळतंय,” धम्मदिना म्हणाली. “म्हणूनच नको.”

विपुल हसला. “पहिल्यांदाच करताय म्हणून सांगतो. स्पॉन्सरला नाही म्हणायचं नसतं.”

“आमच्या घराण्यात नाही म्हणायची सवय जुनी आहे.” चहा तसाच ठेवून ती उठली.

संध्याकाळी नरेंद्रचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. “धम्मदिनाताई, नऊ दिवस राहिलेत. रिकामं टेबल मांडून बसायचं का? थोडं जुळवून घ्या ना.”

“त्यांचं नाव हवं तेवढं मोठं लावू दे. पण ज्यांच्यासाठी मी हे मराठीत आणलं त्यांनाच मागे बसवायचं असेल, तर स्टॉल त्यांना देऊन टाका. माझं नाव तेवढं काढा.”

नरेंद्र म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.” पण स्वर राजीखुशीचा नव्हता.

फोन ठेवल्यावर आपल्याला भीती वाटली होती, हे धम्मदिनाने मला मुद्दाम सांगितलं. “मोठ्याने बोलते म्हणून लोकांना वाटतं, हिला भीतीच नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने कामतघरपासून सुरुवात केली. आई जिथे कांड्या भरायची त्या कारखान्याचे मालक अन्सारीचाचा. त्यांनी कोऱ्या कापडाचा अख्खा तागा पुढे केला. “ले जा बेटी. लेकिन कंप्यूटर के मेले में कपड़ा क्या करेगा?”

“बॅनर बनेगा, चाचा. उस पर आपका भी नाम लिखूँगी.”

“छोटा लिखना.”

“सबका एक ही साइज़ में लिखूँगी.”

वडप्याच्या हरेशशेठनी दोन दिवस टेम्पो दिला. नाक्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्याने तीन जुनी यंत्रं दिली. एका खानावळीने डबे कबूल केले. सगळ्यांना अटी दोनच होत्या: नावं सारख्या अक्षरांत लागतील, आणि स्टॉलवर कोण बोलणार हे कोणी विचारायचं नाही.

गोदामातल्या सहा बायका स्टॉलवर उभं राहायला तयार झाल्या. बायकांना कामावर पुरवणारा ठेकेदार भडकला. “सहा जणी गायब? नावं कापीन एकेकीची.”

“काप की,” गुणाबाई म्हणाल्या. “आमी बदली सुट्टी घेतो. फुकट न्हाय मागत.” खरंच, त्यांनी बाकीच्या बायकांशी सुट्ट्यांची अदलाबदल केली आणि स्टॉलसाठी तिघी-तिघींच्या दोन पाळ्या लावल्या. काम एक मिनिट अडणार नव्हतं, त्यामुळे ठेकेदाराला बोट ठेवायला जागा उरली नाही. राग उरला.

तालीम झाली कामतघरच्या बुद्धविहारात, दुपारी. धम्मदिना भाषा कशी बदलायची ते दाखवत होती. एका क्लिकवर सगळा पडदा तेलुगूत गेला. बायका हसल्या. गुणाबाई मात्र पुढे सरकल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

“दिना, हाच ठेव,” त्या म्हणाल्या. “मला रोज जसा दिसतो, तसा तिथं येनाऱ्यांना दिसू दे.”

मी स्वतः गोष्टीत शिरते ती इथे. मी माधवी. ठाण्यात सॉफ्टवेअर लिहायची नोकरी करते. परिषदेत फिरत असताना अगदी कोपऱ्यात, वॉशरूमकडे जाणाऱ्या वाटेवर, मला हा स्टॉल दिसला. बाकीच्यांकडे चकचकीत पडदे होते. इथे कोऱ्या कापडाचा हाताने रंगवलेला बॅनर, खरी खोकी, स्कॅनर, आणि टेबलापुढे हिरव्या नऊवारीतल्या गुणाबाई.

“या मॅडम. एक खोका परत आलाय. नोंद करा. दोन मिनटं हायत.”

मी पडद्याकडे बघितलं. एक अक्षर कळेना. सॉफ्टवेअर लिहिण्यात माझी बारा वर्षं गेलीत. अंदाजाने एक बटण दाबलं.

“चुकला,” गुणाबाई शांतपणे म्हणाल्या आणि एक रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. “सही करा.”

“अहो, पण मला ही भाषा…”

“आमीपन हाच बोलायचो. सही करा.”

मी सही केली. माझ्या आधी सहा जणांनी केली होती. मग गुणाबाईंनी पडदा मराठीवर आणला आणि तीच नोंद दहा सेकंदांत करून दाखवली. माझी चूक बघून हसणाऱ्या मागच्या दोघा मुलांचं हसू तिथेच थांबलं.

दुपारपर्यंत कोपऱ्यात गर्दी मावेना. नरेंद्रही रांगेत उभे राहिले, चुकले आणि सही करून बाजूला झाले. मग धम्मदिनाजवळ येऊन म्हणाले, “मी जुळवून घ्या म्हणालो होतो. चुकलंच माझं.” ती म्हणाली, “रजिस्टरमध्ये आलंय ते. पुढच्या पाळीला पाणी आणून द्या.” त्यांनी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी विपुल आला. गर्दीचे फोटो त्याने पाहिले होते. “मॅडम, अजूनही आम्ही यायला तयार आहोत. आमचा एक छोटा स्टँड इथे बाजूला लावू?”

“बॅनरवर जागा आहे,” धम्मदिना म्हणाली. “खानावळीच्या खाली. तेवढ्याच अक्षरांत. ब्रश देऊ?”

विपुलने एकदा बॅनरकडे पाहिलं आणि फोन कानाला लावून तो निघून गेला.

दोन दिवसांत दोनशे अकरा सह्या झाल्या, आणि सतरा जणांनी मोजदादसाठी काम करायचं कबूल केलं. त्यांत मी एक. आता प्रकल्पाचा नियम आहे की नवी आवृत्ती आधी गोदामातल्या कामगारांच्या हाती द्यायची. त्यांनी ‘जमतं’ म्हटल्याशिवाय ती बाहेर पडत नाही.

गोदामात मात्र सगळं गोड झालं नाही. परतल्यावर ठेकेदाराने सहाही जणींना गेटवर अडवलं. धम्मदिना बाहेर आली आणि म्हणाली, “का अडवलंत ते कागदावर लिहून द्या.” तो लिहीना. बायका गेटपाशीच बसून राहिल्या. सहा जणी कमी पडल्याने आत गाड्या तुंबू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्याने पाच जणींना आत घेतलं. सहावी, दिशा, हिला कारण न सांगता शेवटपर्यंत घेतलं नाही. ती आता दुसऱ्या गोदामात जाते. धम्मदिना अजून मॅनेजरकडे तिच्यासाठी अर्ज करते आहे. परवा सातवा दिला. धम्मदिनाची स्वतःची बढती त्या दिवसापासून अडकून पडली आहे.

मी विचारलं, पस्तावा होतो का?

“दिशाचं वाईट वाटतं,” ती म्हणाली. “पस्तावा कसला?”