ठिपका म्हणजे सोनं

माझे वडील भांड्यांवर नावं घालायचे. हे वाक्य आज मी सहज लिहितोय, पण जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला नोकरीला लागल्यापासूनच्या पहिल्या सात वर्षांत ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. ऑफिसात कुणी विचारलं की मी सांगायचो, वडिलांचा मेटलमध्ये बिझनेस आहे. बिझनेस कसला, साताऱ्यात भांड्यांच्या दुकानाबाहेर पायरीवर बसून ते छिन्नी-हातोडीने लग्नाच्या ताटांवर ठिपक्याठिपक्यांनी ‘सप्रेम भेट’ उमटवायचे.

२००७ च्या मे महिन्यात बाबा आमच्याकडे राहायला आले आणि माझ्या बॉसने आम्हाला रविवारी कॉफीला बोलावलं. बायकोची शिफ्ट होती, म्हणून मी, बाबा आणि सात वर्षांची लेक असे तिघेच गेलो. बॉसला जुनी छापील चित्रं जमवायचा नाद. हॉलच्या भिंतीवर तीनेकशे वर्षांपूर्वीच्या, बरोक काळातल्या पुस्तकातलं एक पान फ्रेम करून लावलेलं होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली सरदार घराण्यांची मानचिन्हं, ओळीने ढाली, वर शिरस्त्राणं, खाली प्रत्येक घराण्याचं नाव. बाबांनी केक सोडून काचेला नाक लावलं. मी ओशाळलो. अहो बाबा, बसा ना, असं दोनदा म्हणूनही झालं.

बॉसला मात्र आनंद झाला. त्याने भिंग आणून दिलं आणि समजावून सांगितलं, की छपाई एकाच शाईची, म्हणून रंग खुणांनी दाखवायचे. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा आणि ठिपके म्हणजे सोनं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. ते एका ढालीवर भिंग धरून बराच वेळ उभे राहिले. दोन ठिपक्यांतलं अंतर कुठेही चुकलेलं नाही म्हणाले, आणि छापल्यावर सुलटी उमटावीत म्हणून नावं तर त्या कोरणाऱ्याने उलटी कोरली असणार. मग हसले.

“ठिपका म्हणजे सोनं होय? म्हणजे आम्ही जन्मभर पायरीवर बसून सोनंच पाडत होतो. सांग त्यांना.”

मी बॉसला जर्मनमध्ये सांगितलं की बाबांना चित्र फार आवडलंय.

लेकीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र जर्मन. “नाइन, पापा,” ती म्हणाली, म्हणजे नाही. आजोबा असं म्हणालेच नाहीत, आजोबापण असे ठिपके करतात, दुकानाबाहेर बसून भांड्यांवर लोकांची नावं लिहितात, असं तिने बॉसला घडाघडा सांगून टाकलं. बॉसने कप खाली ठेवला आणि मला विचारलं, तुझे वडील कोरीवकाम करणारे कारागीर आहेत? त्याच्या आवाजात आदर होता, तो मला स्वच्छ ऐकू आला. मला फक्त ‘या’, म्हणजे ‘हो’, एवढंच म्हणायचं होतं.

“आल्झो... नुअर आइन हॉबी,” मी म्हणालो. फक्त हॉबी.

हॉबी हा शब्द बाबांना कळतो. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं, खुर्चीत येऊन बसले आणि उरलेला केक संपवला. पुढचा तासभर मी हवापाण्याबद्दल बडबडत होतो आणि मला माझीच किळस येत होती.

परतताना वाटेत ते एवढंच म्हणाले, की हॉबी नव्हती रे ती. आवाजात राग नव्हता. तेव्हा तरी मी माफी मागायला हवी होती, पण मी सिग्नल हिरवा झाल्याचं त्यांना सांगितलं आणि रस्ता ओलांडला.

ते भारतात परतायच्या आदल्या दिवशी बॉस स्वतः घरी आला, बाबांसाठी तांब्याचा कोरा पत्रा आणि कोरायचं हत्यार घेऊन. बाबा पत्र्यावरून अंगठा फिरवत राहिले. त्यांना खूप काही बोलायचं होतं, ते दिसत होतं. भाषांतर करायला मी पुढे झालो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“बाळ, इकडे ये गं,” त्यांनी नातीला हाक मारली. “मी बोलतो ते ह्यांना जसंच्या तसं सांग.”