तीस दिवस कोणी ठरवले?

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. त्या तपासाबद्दल माझं कौतुक झालं, म्हणूनच आज खरं काय ते लिहितो.

औषधांची वाहतूक करणाऱ्या, खराडीत कार्यालय असलेल्या एका कंपनीने फिर्याद दिली. त्यांच्या शीतगाडीतून कसबा पेठेतल्या एका दुकानात गेलेलं इन्सुलिन खराब निघालं होतं. चालकाने कूलिंगचं डिझेल विकलं आणि वाटेत यंत्र बंद ठेवलं, असा आरोप होता. स्वतःच्या चौकशीत तीन आठवडे घालवून कंपनी आमच्याकडे आली. मी दुसऱ्याच दिवशी चालकाला अटक केली.

चालक लोणी काळभोरचा, पन्नाशीचा. खोटं बोलणारा सहसा चार माणसांची नावं घेतो. याने एकही घेतलं नाही.

“साहेब, गाडीतली मशीन दर पाच मिन्टाला हापिसात टेम्परेचर धाडती. माझ्यावर इस्वास नसंल तर तिला इचारा. ती काय माझी पावणी न्हाय.”

हवालदार हसले, मीही हसलो. नोंद मागणारं पत्र त्याच दिवशी टाइप झालं. मग बंदोबस्त लागला आणि पत्र सहीविना माझ्या खणात पडलं.

अटकेच्या दहाव्या दिवशी मी खराडीला गेलो. व्यवस्थापक म्हणाले, “सर, तो डेटा परवाच डिलीट झाला. तीस दिवसच राहतो.”

“तीस दिवस कोणी ठरवले?”

“ठरवले असं नाही... सॉफ्टवेअर घेतलं तेव्हा आतच तीस होतं.”

मला कुतूहल वाटलं. बाकी काय काय जपता, म्हणून विचारलं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे सात वर्षांपूर्वीचे ईमेलसुद्धा शाबूत होते. औषध थंड राहिलं का, एवढंच पुसलं जात होतं.

तिथून थेट कसबा पेठ गाठली. खोक्यांवरच्या उष्णतादर्शक पट्टीचा रंग बदललेला पाहून दुकानदारांनी माल नाकारला होता, एवढंच त्यांच्या जबाबात होतं.

“गाडीतला तापमानाचा स्क्रीन पाहिला होतात?”

“पाहिला. फोटोही काढला. दर वेळी काढतो.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“अहो, आपण विचारलंत कुठे? आपले लोक आले, खोकी मोजली, चहा घेतला आणि गेले.”

फोटोत माल भरला त्या गोदामापासून दुकानापर्यंतची तापमानाची रेष होती, दोन ते आठ अंशांच्या मध्ये, सरळ. यंत्र वाटेत बंद पडलंच नव्हतं. म्हणजे माल गाडीत चढण्याआधीच तापला होता. फोटो समोर ठेवल्यावर गोदामाच्या सुपरवायझरने कबूल केलं की खोकी सकाळभर उन्हात पडून होती.

“हे फोटो किती दिवस ठेवता?” मी दुकानदारांना विचारलं होतं.

“औषधाची मुदत संपेपर्यंत, वर एक वर्ष. तक्रार आली तर तोवरच येते. मग पुसतो. मोबाइल म्हणजे माळा नव्हे.”

याहून नेमकं उत्तर मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नाही. नोंद कोणाच्या, कधीपर्यंत उपयोगी पडेल, हे कोणीतरी बसून ठरवावं लागतं. आणि तपास सुरू झाला की पुसणं त्याच दिवशी थांबवायला सांगावं लागतं. ते काम माझं होतं.

तेरा दिवसांनी सुटलेला चालक माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. “साहेब, मशिनीला इचारलं व्हतं न्हवं?”

मी ‘हो’ म्हणालो. केस डायरीतही ‘नोंद आपोआप नष्ट झाल्याने मिळाली नाही’ असंच लिहिलं. अटकेनंतर आठ दिवस ती नोंद खराडीत होती. मी विचारलं नव्हतं.