अंधारीतला उखाणा

भुतानं माझा पदर धरला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील, माझ्या लग्नाला वीस दिवस. यजमान औरंगाबादला कचेरीत कारकून. औरंगपुऱ्यात त्यांनी एक खोली धरली होती. मी तिथं संसार थाटायचा, की गावी बिडकीनलाच सासूबाईंच्या हाताखाली म्हशी सांभाळायच्या, एवढाच प्रश्न होता.

"ही लई भित्री दिसायली," सासूबाई म्हणाल्या. "ह्यो कचेरीत गेल्यावर दिवसभर एकली राहील व्हय?"

"मी भुताला बी भीत नाय, आत्याबाई!" मी छाती काढून सांगितलं. (सासूला आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात. आणि छाती कसली, लुगड्यासकट मी मणभर!)

"बघू की," म्हणून त्यांनी निकाल राखून ठेवला.

मग घृष्णेश्वराच्या दर्शनाला आम्ही तिघं निघालो आणि वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. तिथं 'अंधारी' नावाचं भुयार आहे, भर दिवसा काळंमिट्ट. कंदील घेतलेले एक चाचा वाट दाखवायला, आणि सोबत जालन्याची तीन जोडपी.

मधोमध थांबून चाचा म्हणाले, "इधर दुश्मन के कित्ते सिपाही मरे! अब बी पीछे से कपडे खींचते. असली अंधेरा देखना क्या?"

कोणी 'नको' म्हणायच्या आत त्यांनी कंदील विझवला. आणि मागून माझा पदर कुणीतरी गच्च धरला!

"कोण?"

नुसत्या धापा.

"अहो!" मी किंचाळले.

"काय गं?" तीन बाजूंनी तीन नवरे बोलले. तिघंही जालन्याचे!

आता नाव घेऊन हाक मारायला हवी. पण नवऱ्याचं नाव असं उघडं घ्यायचं कसं? तेही सासूबाई जवळपास असताना! नावाला मुभा फक्त उखाण्यात. मी उखाणे आठवू लागले. लग्नासाठी पाठ केलेले सगळे चांदीच्या ताटाचे आणि रुखवताच्या लाडवांचे, भुताच्या उपयोगाचा एकही नाही! शेवटी नवाच जुळवावा लागला. (तेवढा वेळ भूतही पदर धरून समजूतदारपणे थांबलं.)

"किल्ल्याच्या अंधारीत वाघळांचा थवा,
भुतानं धरलाय पदर, दिगंबरराव, धावा!"

"वा वा! आणखी एक होऊ द्या!" जालन्याच्या बायका म्हणाल्या.

दिगंबररावांचाही आवाज आला, पण फार लांबून. "मी बाहेर आलोय! तुम्ही या सावकाश!"

आणि मग भूत खेकसलं, "आगं, उखाणे काय घेतीस? म्होरं चाल की! मला काय बी दिसंना!"

सासूबाई!

बाहेर उजेडात यजमान घाम पुसत उभे होते. सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"पोरीला भुतानं धरलं तरी तिनं रीत सोडली नाय, जागची हालली नाय. अन् ह्यो माझा वाघ बघा! जा गं बाई औरंगपुऱ्याला. ह्यालाच सोबत पाहिजे."

अशी मी घराण्यातली धीट सून ठरले, ती आजतागायत. मी कधी दुरुस्ती केली नाही. जागची हलले नाही हे खरंच आहे, पण पदर सासूबाईंच्या मुठीत होता. त्यांनी तो सोडला असता, तर यजमान बाहेर येईस्तोवर मी वेरूळ गाठलं असतं!