जित्या माणसाचा फोटू कापायचा नसतो

फोटू काढला त्या सकाळी आम्ही एवढे जण होतो. एका टोकाला थोरले दीर, त्यांच्याशेजारी सासू, मंग मी, मधी मेंढरं, अन् पार दुसऱ्या टोकाला काठीवर हनुवटी टेकून माझा मालक. फोटू काढणारी पोरगी शहरातली, कॉलेजात शिकणारी. दिराचा थोरला लेक, म्हणजे माझा पुतण्या, तिला वाट दाखवत आलता. माझी सून गावाकडं राहिलेली, दुसरं कोण नव्हतं.

टँकरचं वरीस होतं. आमचं गाव गंगापूरकडं. विहिरी तळाला गेल्या. छावणीत गाईबैलाला दावण मिळायची, मेंढराला कोण इचारतं? मंग मेंढरं घेऊन आम्ही औरंगाबादच्या कडंला आलो. आधी त्याच रानात शेतकरी हातापाया पडून बोलवायचे, मेंढरं बसवा म्हणायचे, लेंडीखत मिळतं म्हणून. आता तिथं पांढरे दगड रवून प्लाट पाडलेले. प्लाटवाल्याचा माणूस फटफटीवर यायचा अन् वरडायचा, "उठा उठा, गिऱ्हाईक येणार हाय, वास सुटलाय तुमचा." ह्या प्लाटातून त्या प्लाटात, असं वरीस काढलं.

ती पोरगी मालकाला म्हणली, "बाबा, सगळ्यांच्या जवळ या ना."

मालक म्हणला, "मी आलो तर मेंढरं बी येतील. तुझा डबा तुडवतील. मी हितंच बरा."

म्हणून तो फोटू लई आडवा आला. पुढं तिनं तो कागदावर काढून दिला अन् पुतण्याच्या फोनात बी धाडला. सासू बघून म्हणली, "हा फोटू हाय का कमरंचा पट्टा?"

आखाड कोरडाच गेला. मालकाच्या छातीत कळ आली अन् प्लाटावरच गेला. दवाखान्यात न्यायला रिक्षा थांबली तवा हात गार पडला होता. त्याचा जन्मात तेवढाच एक फोटू. आधार कार्डावर हाय, पण तिथं नुसता काळा डाग. त्याच्यावरून त्याच्या आईनं बी त्याला ओळखला नसता.

त्याला गावी आणला. चौथ्या दिवशी गावच्या चौकात फ्लेक्स लागलं. भावपूर्ण श्रद्धांजली, दहावं कायगावला गोदाकाठी, सगळं लिहिलेलं. मी टँकरला हंडा घेऊन गेले तवा बघितलं. तोच फोटू, आम्ही सगळेच त्यात. माझा गडी आडवा भक्कम. त्या कपड्यावर बघितला तर कापसाच्या पळकाठीवानी. गाल आत गेलेले, नाक घोड्याचं, मान करकोच्याची. मेंढरं सुद्धा उंच अन् किडकिडीत. खाली पुतण्याचं तोंड गॉगल घालून, त्याच्या दोस्तांची तोंडं त्याच्या बाजूला. ती मात्र गोल गोल, जशीच्या तशी.

नंबरात माझ्याम्होरं गावात नव्या आलेल्या दोघी उभ्या होत्या. एक म्हणली, "झिजून गेलेला दिसतो गं बापडा."

दुसरी म्हणली, "टीबी असंल. घरच्यांनी खायला घातलं नसंल."

मी हंडा खाली ठेवला. भरला नाय. दहाव्याला लांबून लांबून माणसं येणार होती. कैकांनी त्याला पंधरा-वीस वर्सात बघितला नव्हता. ते हाच गडी डोळ्यात घेऊन परत जाणार, उपाशी मारलेला.

पुतण्याला इचारलं, "काय केलंस हे?"

"काकू, फोटू आडवा, चौकट उभी. वर-खाली काळी पट्टी राहत होती. बरं दिसंना. मी ताणून बसवला. मोबाईलवर बी तसाच टाकलाय. शंभर जणांनी हात जोडलेत."

"एकट्या काकाला ठेवायचा. तो उभाच हाय की काठी घेऊन. बसला असता चौकटीत."

त्याच्या मागून दीर बोलले. "मंग मला कापायचं व्हय? जित्या माणसाचा फोटू कापायचा नसतो. आयुष्य तुटतं. तुला एक गेला तेवढं पुरं नाय वाटतं."

आमच्यात मानतात तसं. लहानपणापासून मी बी मानलं. पण मला तवा समजलं. दीर एका टोकाला, मालक दुसऱ्या टोकाला. दोघांना एका उभ्या चौकटीत कोंबायचं म्हणून मेलेल्याला दाबला. जित्याचं आयुष्य राखायला मेलेल्याचं तोंड मोडलं.

एवढ्या वर्सात मी दिरापुढं पदर सरकू दिला नव्हता. त्या दिवशी म्हणलं, "भाऊजी, मेला तो. आता तरी त्याला त्याच्या अंगाएवढी जागा द्या."

दीर थुंकले अन् भाईर गेले.

सातव्या दिवशी मी एकटी, ते फ्लेक्स छापलेल्या दुकानात गेले. सुतकातली बाई रस्त्यानं चालली म्हणून कोण कोण काय काय बोललं, ते सांगत नाय. दुकानात एक मुसलमान बाई बसलेली, माझ्या सुनेच्या वयाची. मी कागदावरचा फोटू काढून दिला अन् सांगितलं.

ती म्हणली, "अम्मा, खींचे तो ऐसाच होता. आदमी रबर है क्या? आडा रखो, नै तो काटो. तिसरा रस्ता नै."

तिनं कॉम्प्युटरवर चौकट ठेवली अन् ती फोटूवर सरकवत गेली. इकडं ठेवली तर दीर अन् सासू. मधी ठेवली तर मी अन् मेंढरं. पार कडंला नेली तर मालक, काठी, अन् पायाशी दोन मेंढरं. बरोब्बर बसला. खांदे त्याचे, गाल त्याचे.

"इसमें तुम बी कट रे अम्मा," ती म्हणली. "तुम गई, सास गई, सबच गये."

"जाऊ दे. मी जिती हाय, मला बी काप."

"और नीचे ये गॉगलवाले?"

"त्यांना आधी."

ती हसली नाय. नवं फ्लेक्स छापून माझ्या हातात दिलं. मी अन् सुनेनं ते चौकातल्या जुन्यावर बांधलं. सून शिडीवर, मी खाली दोरी धरून. पुतण्या टपरीवरून बघत होता. आला नाय.

दहाव्याला गोदावरीत डबक्याएवढं पाणी होतं. येणारा जो तो चौकात थांबून आलता. एक म्हातारा धनगर, मालकासंगं लहानपणी मेंढरं राखलेला, मला म्हणला, "तसाच होता गं. तस्साच." माझ्यासाठी दहावं तिथंच झालं.

दिरानं त्या दिवशी आमच्या घरचा घास घेतला नाय. तवापासून बोलत नाहीत. सगळ्यांना सांगतात, भावजयीनं मला कापलं. अजून जिते हायत. दोन वक्ताला दोन दोन भाकरी खातात.

पण चौकातलं झाकलं, फोनातलं झाकता येईना. पुतण्यानं ते कुठल्या कुठल्या ग्रुपात टाकलं. दरवर्सी ती तारीख आली की कोण तरी परत धाडतं, हात जोडतं. नात माझ्याम्होरं फोन धरती. पळकाठीवानी माणूस, उंच मेंढरं. मी म्हणते, हा तुझा आजा नाय. ती म्हणते, मंग कोण?

म्हणून हे सांगितलं. तुमच्या फोनात तसा फोटू आला, लांबट तोंडाचा गडी अन् हरणाएवढी मेंढरं, तर हात जोडू नका अन् पुढं धाडू नका. काढून टाका.