सावध झोप

आईच्या लॅपटॉपला नेटचं डोंगल लावून दिलं, तर त्याचा हिरवा दिवा सारखा विझत होता. "बिघडलं वाटतं हे," आई म्हणाली. मी म्हटलं, "बिघडलं नाही. आतली चिप वीज वाचवायला डुलकी काढते. मधेच जागी होऊन आपल्यासाठी काही निरोप आहे का तेवढं ऐकते, आणि पुन्हा झोपते."

आईने सोफ्याकडे पाहिलं. बाबा क्रिकेट लावून, मान छातीवर टाकून घोरत होते. "म्हणजे ह्यांच्यासारखंच की."

खरंच. नखाएवढ्या चिपला जे शिकवायला लोकांनी एवढी डोकेफोड केली, ते आमच्याकडे रोज दुपारी चालतं. कुकरच्या शिट्टीने बाबा हलत नाहीत. टीव्ही बंद केला की मात्र डोळे न उघडता म्हणतात, "राहू दे, बघतोय मी."

हल्ली त्यांची झोप जड झालीय. तरी आई दुपारी एकदा टीव्ही बंद करतेच. मला वाटायचं, वीज वाचवते. मग एकदा पाहिलं, रिमोट हातात धरून ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. "बघतोय मी," ऐकू आलं, तसा तिने लगेच टीव्ही लावला आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.