खांबावरचा माणूस

जनरेटरच्या धुराचा वास आला की मला हैदराबादबाहेरच्या खेड्यातलं आमचं घर आठवतं. देशात तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या. नवरा त्यातल्याच एकीच्या कामासाठी सतत दिल्लीला असे, आणि शेतांमधल्या त्या घरात मी एकटी. वीज फार जायची म्हणून त्यानं जनरेटर आणला होता, पण खांबावरची लाइन आणि जनरेटर वेगळे ठेवणारा चेंजओव्हर स्विच बसवायचा राहिला होता. एका दुपारी वीज गेली. लाइनमन समोरच्या खांबावर चढला आणि वरूनच ओरडला, “अम्मा, जनरेटर चालू नक्को करो! उलटा करंट आया तो मैं गया!” जनरेटरची वायर मी घरापासून काढूनच ठेवली होती, ती उंच धरून दाखवली. “मैं उतरे तक बातां करते रहो,” तो म्हणाला, “आवाज आयी तो तसल्ली रहती.” मग मी बोलत राहिले, आंब्याच्या रोपाबद्दल, आईच्या दुखण्याबद्दल, कुणाला न सांगितलेलंही बरंच काही. वरून तो “हौ, अम्मा” म्हणत होता. काम संपवून तो उतरला, सायकलवरून निघून गेला, थोड्या वेळानं घरातला पंखाही फिरू लागला. मी मात्र अंगणातच उभी होते. आता घरात माणसं आहेत. पण माझं बोलणं थांबू नये असं त्यानंतर कुणाला वाटल्याचं मला आठवत नाही.